कुठल्या मशिदीत जाता?

आमच्याकडे सोयरीक जुळवताना पूर्वी ठरलेली चौकशी असायची. मुलगा कुठे नोकरीला, घर स्वतःचं की भाड्याचं, गाव कुठलं. बिरादरी विचारावी लागत नसे. बागवान, तांबोळी, शिकलगार, अत्तार हे आडनावातच यायचं. आता एक नवा प्रश्न आलाय आणि तो चहाच्याही आधी येतो: "लडकी के अब्बा कौनसी मस्जिद में जाते जी?"

बँकेतल्या माझ्या जुन्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात काय विचारायचं? जवळ पडेल तिथे जात असतील." तिच्या हिशेबाने बरोबरच आहे. पण आम्हा पुण्यातल्या कोंढवेकरांचं तसं नाही. आम्ही नव्वदच्या दशकात कसबा पेठेतून इकडे आलो तेव्हा मशिदीच कमी होत्या, त्यामुळे सगळे एकाच सफेत, म्हणजे रांगेत, उभे राहायचे. आता एका रस्त्याला दर्गे मानणाऱ्या सुन्नत जमातची मशीद, पुढच्या वळणावर तब्लीगवाल्यांची, त्यापलीकडे पीर-दर्गे न मानणाऱ्या अहले हदीसची. किब्ला एकच, कलमा एकच, पाच वेळा तेच. फरक कशात? आमीन मोठ्याने म्हणायचं की मनात. हात बेंबीखाली बांधायचे की छातीवर. नमाजनंतर उभं राहून सलाम पढायचा की नाही. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे दर्ग्यावर चादर चढवणं हा सवाब, म्हणजे पुण्य, की शिर्क, म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला बसवायचं पाप.

माझ्या धाकट्या दिराच्या मुलाचं लग्न याच फरकावर अडलं होतं. मुलगा हिंजवडीत कामाला, मुलगी एम. फार्म. झालेली. दोघांना एकमेकं पसंत. दिराच्या घरी दर महिन्याला ग्यारवीची नियाज असते, म्हणजे पिराच्या नावाने फातिहा देऊन वाटायचं अन्न, भिंतीवर अजमेरच्या दर्ग्याचा मोठा फोटो आहे. मुलीचे वडील अहले हदीस, दाढी, घोट्याच्या वर पायजमा, बोलायला अतिशय मऊ माणूस. माझ्या जावेने समोशांबरोबर मलिदाही ठेवला होता, तूप जरा जास्तच घातलेला. त्यांनी चमच्याने थोडा घेतला, तोंडापर्यंत नेला आणि थांबून विचारलं, "भाभी, ये नियाज का तो नहीं?" जाऊ म्हणाली, "हां भाईसाब, कल ग्यारवी थी ना." त्यांनी चमचा खाली ठेवला. प्लेट जराशी पुढे सरकवली, वर कागदी नॅपकिन झाकला आणि पाण्याचा ग्लास उचलला. कुणी आवाज चढवला नाही, कुणी कुणाचा अपमान केला नाही. पण माझ्या जावेचा चेहरा असा उतरला की मला तिच्याकडे बघवेना. पंधरा माणसांना पुरेल एवढा मलिदा तिने पहाटे उठून हाताने कुस्करला होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या बाजूच्या मौलानांनी उलट बाजू काढली. त्या लोकांशी निकाह जायजच नाही, म्हणाले. म्हणजे एका बाजूला आमचं अन्न चालत नाही आणि दुसऱ्या बाजूला त्यांचं मुसलमान असणंच मान्य नाही. मध्ये ती दोन पोरं, व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना धीर देत बसलेली.

आता जरा जगाकडे येते, कारण मुसलमान जगात ऐक्य हवं, सहिष्णुता हवी, नवचैतन्य हवं ही भाषणं मी वर्षानुवर्षं ऐकतेय. परिषदा होतात, जाहीरनामे निघतात. 2016मध्ये मराकेशला मुस्लिमबहुल देशांतल्या अल्पसंख्याकांच्या हक्कांबद्दल जाहीरनामा निघाला. फेब्रुवारी 2019मध्ये अबू धाबीत अल अझहरचे शेख अहमद अल तय्यब आणि पोप फ्रान्सिस यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. हे सगळं चांगलंच आहे, मी नाकं मुरडत नाही. पण त्यातला एकच कागद मला स्वतःच्या घरातला वाटतो, तो म्हणजे अम्मानचा.

नोव्हेंबर 2004मध्ये जॉर्डनच्या राजाच्या पुढाकाराने अम्मान संदेश निघाला. पुढच्या जुलैमध्ये पन्नास देशांतले सुमारे दोनशे आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, अम्मानला जमले आणि त्यांनी तीन मुद्द्यांवर एकमत केलं. सुन्नींचे चार मजहब, म्हणजे धर्मशास्त्राचे पंथ, शियांचे जाफरी आणि जैदी, शिवाय इबादी आणि जाहिरी, अशा आठांपैकी कुठलाही मजहब मानणारा माणूस मुसलमानच आहे आणि त्याला काफिर ठरवता येणार नाही. खरा तसव्वुफ, म्हणजे सूफी मार्ग, मानणाऱ्यालाही नाही आणि अहले हदीससारखा खरा सलफी विचार मानणाऱ्यालाही नाही. तिसरं म्हणजे फतवा देण्याचा अधिकार ऐऱ्यागैऱ्याला नाही, त्याला शिक्षण आणि अटी आहेत. म्हणजे आमचे मौलाना आणि मुलीचे वडील, दोघंही एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी बसवलेले!

त्याच अम्मानमध्ये, संदेशाला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, 9 नोव्हेंबर 2005ला, तीन हॉटेलांत स्फोट झाले. इराकमधल्या अल कायदाने केले. त्यातला एक लग्नाच्या समारंभात झाला. वऱ्हाडी मुसलमान, मारणारे स्वतःला मुसलमान म्हणवणारे. दुसऱ्याचं मुसलमानपण काढून घेणं हे फक्त मशिदीच्या पाटीपुरतं राहत नाही, त्याचं टोक कुठपर्यंत जातं ते तिथे दिसलं. आमच्या मौलानांना मी त्या पंक्तीत मुळीच बसवत नाही, ते बिचारे शेजाऱ्याची मांजर आजारी पडली तरी दुआ करणारे. पण वाट तीच आहे आणि ती उताराची आहे.

मी हे छापून दिराकडे नेलं. दीर म्हणाला, "भाभी, जॉर्डन का राजा अपने शादी में आनेवाला है क्या?" शेवटी काय झालं, तर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी शहाणपणा केला. मुलीच्या मामांनी ओळखीचे एक काझी आणले. त्यांनी दोन्ही बाजूंना एवढंच विचारलं, "अल्लाह एक मानता? रसूल मानता? मेहर ठरला? मुलीची रजामंदी आहे?" निकाह हॉलमध्ये लागला, कुठल्याच मशिदीत नाही. वलिम्याला, म्हणजे मुलाकडच्या जेवणाला, मलिदा नव्हता. जावेने दुसऱ्या दिवशी सुनेला वेगळा करून खाऊ घातला, नियाज न देता, आणि सून दोनदा मागून जेवली.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी दर्गावाल्यांच्या बाजूची. माहेर तर तसंच आहे. माझं आजोळ सांगली जिल्ह्यात कडेगावचं. मोहरममधले तिथले गगनचुंबी ताबूत ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. बांबू, कागद, दोरा, आणि बांधायची रीत उलटी: आधी कळस, मग पाया. वरचा भाग तयार करून उचलायचा, खाली पुढचा मजला जोडायचा, पुन्हा उचलायचं. मानाचे काही ताबूत हिंदू घराण्यांचे. भेटीच्या दिवशी मैदानात ते एकमेकांसमोर येतात तेव्हा खांदे कुणाचे आहेत हे बघायला कुणाला सवड नसते, कारण तोल गेला तर सगळ्यांच्याच डोक्यावर येणार. घरी चोंगे व्हायचे, कणीक आणि गुळाचे, आणि ते पाटलांच्या घरातूनही आमच्याकडे यायचे, आमच्याकडूनही जायचे. सहिष्णुता वगैरे कुणी म्हणत नसे. मोहरम आला की चोंगे करायचे, एवढंच.

आता तिथली आमची नवी पिढी म्हणते ताबूत बिदअत आहे, धर्मात मागून घुसडलेली गोष्ट. माझा मामेभाऊ आखातात नोकरी करून आला आणि त्याने आल्या आल्या घरातला मोहरमचा पंजा उतरवून ठेवला. मामी रडली. त्याचं म्हणणं, दीन स्वच्छ केला पाहिजे. हेही एक नवजागरणच आहे बरं का. दर शतकाच्या सुरुवातीला अल्लाह दीन ताजा करणारा कुणीतरी पाठवतो, अशी अबू दाऊदच्या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे, आणि प्रत्येक पंथाला वाटतं तो आपल्यातच आलाय. पण मामेभावाने जे झाडून काढलं त्यात पाटलांकडून येणारे चोंगेही गेले. केर काढताना शेजारी बाहेर काढला.

आणि तरीही.

हाच मामेभाऊ त्याच्या मुलीच्या लग्नात हुंड्याचा एक रुपया द्यायला तयार झाला नाही, आणि मुलाच्या लग्नात घेतलाही नाही. नवऱ्याने बायकोला द्यायचा मेहर रोख, त्याच दिवशी, सुनेच्या हातात. आमच्या दर्ग्याला मानणाऱ्या, सगळ्यांशी गोड वागणाऱ्या नातेवाइकांत मेहर कागदावर राहतो आणि नवरा मेल्यावर जनाज्याजवळ बायकोकडून माफ करून घेतला जातो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, एकदा नाही.

मशिदीचंही तसंच. "अल्लाहच्या दासींना अल्लाहच्या मशिदींपासून अडवू नका," ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ती पाळली कुणी? ज्यांना आम्ही कडवे म्हणतो त्यांनी. आमच्या भागातल्या अहले हदीसच्या मशिदीत बायकांना वेगळा जिना आहे, वर पंखे आहेत, वुजूला, म्हणजे नमाजआधी हातपाय धुवायला, नळ आहेत. आणि माझ्या सासरची मशीद, जिच्या उरुसाला सगळ्या जातीधर्माचे लोक जेवतात, तिथे बाई दारापाशी उभी राहिली तरी "खालाजान, उधर से" म्हणतात. मुंबईत हाजी अलीच्या मजारपर्यंत जायला बायकांना उच्च न्यायालयात जावं लागलं, 2016मध्ये निकाल लागला. मशिदीत जाऊन नमाज पढू द्या म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेलेलं दांपत्य तर आपल्या पुण्यातलंच, 2019ची गोष्ट. तेव्हा मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्र दिलं की बायकांना मशिदीत येऊन नमाज पढायची मुभा आहे. मुभा आहे! जिना कुठाय?

कॅम्पात चार बावडीला हजरत बाबाजानचा दर्गा आहे. रस्त्याच्या अगदी कडेला. बाई पठाण मुलखातून आलेली, कित्येक वर्षं तिथल्या कडुनिंबाखाली बसून असायची, 1931मध्ये वारली. मेहेरबाबा तरुणपणी कॉलेजला जायचे तेव्हा तिनेच त्यांना बोलावून घेतलं, कपाळाचं चुंबन घेतलं आणि त्यांचं आयुष्य पालटलं, असं त्यांचे भक्त सांगतात. म्हणजे एका मुसलमान बाईच्या पायाशी पारशी, हिंदू, मुसलमान बसायचे, तेही कॅम्पात, इंग्रजांच्या अमदानीत. मला गंमत वाटते ती याची की बाई वली असू शकते, तिच्या नावाने संदल निघू शकतो, पण आमच्या मशिदीत तिला आत यायची पंचाईत झाली असती.

तर माझं म्हणणं हे आहे. मुसलमानांत सहिष्णुता एका दाराने आली, दर्ग्याच्या, ताबुताच्या, चोंग्याच्या. आणि सुधारणा दुसऱ्या दाराने आली, पुस्तकाच्या, अर्थ समजून कुराण वाचायच्या. ही दोन दारं एकमेकांकडे तोंड करून नाहीत. एकीकडे शेजारी जपला आणि बाई विसरली. दुसरीकडे बाईला जिना दिला आणि शेजाऱ्याला दार लावलं. ऐक्य व्हायचं तर शिया-सुन्नींच्या मोठ्या परिषदेइतकंच हे माझ्या जावेच्या आणि तिच्या व्याह्याच्या मध्ये व्हायला हवं.

पुण्यातून तिसरंही दार उघडलं होतं. हमीद दलवाई. 18 एप्रिल 1966ला सात मुसलमान बायकांना घेऊन विधान भवनावर मोर्चा, तोंडी तलाक बंद करा म्हणून. 22 मार्च 1970ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना. तोंडी तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो 2017मध्ये, म्हणजे त्या सात जणींचं म्हणणं ऐकायला एकावन्न वर्षं लागली. माझे अब्बा दलवाईंचे लेख वाचायचे आणि पेपर घडी घालून उशीखाली ठेवायचे, मोहल्ल्यात दिसू नये म्हणून. मला दलवाईंबद्दल फार आदर आहे. फक्त त्यांच्या वाटेवर नमाज पढणाऱ्या बाईला बसायला जागा नव्हती असं मला वाटत आलंय. ते स्वतः धर्माच्या बाहेर उभं राहून बोलत होते, तो त्यांचा हक्कच होता. माझ्या अम्माला मात्र तलाकपासूनही सुटका हवी होती आणि पहाटेची फजरची नमाजही चुकवायची नव्हती.

हे दोन्ही एका घरात नांदू शकतं का, असं विचारलं की मला इंडोनेशिया आठवतो. तिथे दोन अवाढव्य संघटना आहेत. मुहम्मदिया 1912ची, सुधारणावाली, शाळा, दवाखाने, कबरींचे विधी नकोत म्हणणारी. नहदतुल उलमा 1926ची, पीर, मजार, मौलूद मानणारी. म्हणजे हुबेहूब आमचंच भांडण, फक्त कोट्यवधींच्या आकड्यात. त्यांचा चंद्रसुद्धा एक नाही. 2023मध्ये मुहम्मदियाची ईद 21 एप्रिलला झाली, सरकारची आणि नहदतुल उलमाची 22ला. एकाच गल्लीत एक घर ईद करतंय आणि शेजारी अजून रोजा! तरी दोघांनी एकमेकांना मुसलमानातून काढलेलं नाही, देश दोघांचाही आहे. आणि पीर मानणाऱ्या त्या नहदतुल उलमाच्या तरुणांचं दल नाताळच्या रात्री चर्चबाहेर पहारा देतं. 24 डिसेंबर 2000ला पूर्व जावातल्या मोजोकर्तोच्या चर्चमध्ये रियांतो नावाचा त्यांचा पोरगा पहाऱ्यावर होता. संशयास्पद पिशवी दिसली, तो ती उचलून बाहेर घेऊन गेला आणि बाँब त्याच्या अंगावर फुटला. पंचविशीतला मुलगा. सगळं तिथे गोडगुलाबी नाही, अहमदियांना तिथेही फार सोसावं लागतं, हेही खरं. पण रियांतोला आपला मजहब कुठला हे विचारत बसायला वेळ नव्हता.

पुण्यात दुसऱ्या धर्माशी जुळवून घेणं आम्हाला तसं जमतं. 28 सप्टेंबर 2023ला अनंत चतुर्दशी आणि ईदे मिलाद एकाच दिवशी आले, तर आमच्या लोकांनी जुलूस पुढे ढकलला. लक्ष्मी रोडच्या मिरवणुकीत पोलिसांना ताप नको, हे एका बैठकीत ठरलं. आणि त्याच वर्षी आमच्या इमारतीत मिलादचं लायटिंग करावं की नाही यावर दोन भावांनी बोलणं सोडलं, ते अजून सुरू झालेलं नाही.

असो. आम्ही काही बायका रविवारी दुपारी एकीच्या घरी बसतो. कुराण मराठी भाषांतरातून वाचतो, कारण बहुतेकींचं शिक्षण मराठीत झालंय आणि अरबी नुसतं पाठ आहे. नियम एकच, मशीद विचारायची नाही. मध्ये सूरह हुजुरात आली. एकमेकांची टर उडवू नका, एकमेकांना वाईट नावं ठेवू नका, अशी त्यात अकरावी आयत आहे. वाचून झाल्यावर एकदम शांतता. मग एक हळूच म्हणाली, "हमारे यहाँ उनको वहाबडे बोलते." दुसरी म्हणाली, "और हमारे यहाँ तुम लोगां को कबरपुजे." मग जी सुरुवात झाली! कुणी सासऱ्याचा शब्द सांगतंय, कुणी मदरशातल्या उस्तादांचा. तिसरीने तर एक असं नाव सांगितलं की यजमानीणबाईंना ठसका लागला. सगळ्यांनी सगळी नावं तोंडावर सांगून टाकली, हसून हसून पुरेवाट झाली, आणि त्यानंतर त्या खोलीत ती नावं वापरणं अवघड झालं. मौलानांच्या बयानाने जे झालं नसतं ते झालं.

त्या बैठकीतूनच निघालं की रमजानमध्ये बायकांची तरावीह, म्हणजे रात्रीची जादा नमाज, आपल्याच इमारतीच्या हॉलमध्ये करू. सोसायटीचे सेक्रेटरी जोशीकाका म्हणाले, सतरंज्या माझ्याकडच्या घ्या, फक्त अकराला दिवे बंद करा. त्यांच्याकडून अडचण शून्य. अडचण आमच्यात. अहले हदीसवाल्या आठ रकात, म्हणजे नमाजची आवर्तनं, पढतात, बाकीच्या हनफी वीस. यावर घरोघरी पुरुषांनी वाद घातले, यूट्यूबवरचे आलिम एकमेकांच्या अंगावर सोडले. आम्ही शेवटी एवढंच ठरवलं की पढवायला कुरआन पाठ असलेली हाफिजा मुलगी एकच, आठ झाल्या की सलाम फिरवून ती जरा थांबेल. ज्यांना जायचं त्यांनी जावं, ज्यांना वीस पढायच्या त्यांनी पुढच्या सफेत सरकावं. गेल्या रमजानात तसंच झालं. आठवाल्या उठतात, वीसवाल्या सरकतात. आठवाल्यांतल्या काही जणी मात्र मागे भिंतीला टेकून शेवटपर्यंत बसून असतात. कुरआन ऐकायला, असं त्या सांगतात. माझ्या शेजारणीने मला खरं कारण सांगितलं: लवकर घरी गेलं की इफ्तारची भांडी घासायला लागतात.